वकिली आणि चौथे शील



अकोले तालुक्यातील एका बौद्ध कुटुंबात मी पाहुणा म्हणून गेलो होतो. घरातील नातवाला नगरच्या विधी महाविद्यालयात प्रवेश मिळाला होता. सीईटीचा निकाल, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र अशा साऱ्या पायऱ्या चढून पोरगा एकदाचा यादीत आला होता. वडील खोलीच्या भाड्याचा हिशेब करीत होते. आई पेढे वाटीत होती. आजी तेवढी गप्प बसली होती. जेवणे झाल्यावर ती म्हणाली, "आरं, दर रविवारी इहारात मुसावादा म्हनायचं आन् मंग कोर्टात जाऊन तेच करायचं व्हय?"

घरातले सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. आजीने विचारलेला प्रश्न त्या मुलाला महाविद्यालयात तीन वर्षांत कदाचित कोणीही विचारणार नाही. म्हणून तो जाण्यापूर्वी घरातच विचारला गेला, हे चांगले झाले. तुमच्या घरातही कोणी कायद्याच्या शिक्षणाला निघाले असेल, तर पुस्तके आणि कपडे घेण्याबरोबर या प्रश्नाचीही तयारी करा.

काही जण चटकन उत्तर देतील, "बाबासाहेब स्वतः बॅरिस्टर होते, मग प्रश्नच कुठे उरतो?" हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही. थोरांनी केले म्हणून योग्य, असे मानायला भगवान बुद्धांनी शिकविलेले नाही, बाबासाहेबांनीही नाही. दुसरे कोणी म्हणतील की, बुद्धांनी उपासकाला पाच व्यापार वर्ज्य सांगितले : शस्त्रे, प्राणी, मांस, मद्य आणि विष. त्यांत वकिली नाही. खरे आहे. पण काटा मारणारा किराणा दुकानदारही त्या यादीत नाही! यादीत नाव नाही, एवढ्याने धंदा निर्मळ ठरत नाही.

तेव्हा मुळाशी जाऊ. खोटे बोलणे म्हणजे नेमके काय? आरोपीने खून केला हे वकिलाला ठाऊक आहे, आणि तरीही तो उभा राहून म्हणतो, "माझा अशील त्या रात्री गावातच नव्हता." हे खोटे आहे. त्यासाठी तो साक्षीदार पढवितो, हे त्याहून मोठे खोटे आहे. पण तोच वकील जर म्हणाला, "सरकार पक्षाने पुढे आणलेल्या पुराव्याने गुन्हा सिद्ध होत नाही," आणि खरोखरच तो होत नसेल, तर त्याने कोणते शील मोडले? त्याने आरोपीला निर्दोष म्हटलेले नाही. न्यायालयापुढे काय आले आणि काय आले नाही, एवढेच त्याने दाखविले. आरोपीच्या दोषाविषयी वकिलाचे स्वतःचे मत काहीही असो, त्याने बचाव करावा, असे बार कौन्सिलचे नियम सांगतात. तेच नियम सरकारी बाजूच्या वकिलाला बजावतात की, आरोपीचे निर्दोषत्व दाखवू शकेल असे काही त्याने दडवू नये. दोन्ही नियम एकत्र वाचले म्हणजे खोटेपणाला मुभा कुठेच नाही, हे ध्यानात येते.

हा विचार आपल्याला परका नाही. विनयात भिक्खूंमधील तंटे मिटविण्याचे सात मार्ग सांगितले आहेत. त्यांतील पहिला सम्मुखाविनय. ज्याच्यावर आरोप आहे, तो समोर असल्याखेरीज संघाने त्याच्याविरुद्ध कर्म करू नये, असा दंडक आहे. धम्मपदातील धम्मट्ठवग्गाचा आरंभच घाईने निवाडा करणाऱ्याविषयी आहे, आणि असा माणूस धम्मस्थ नव्हे, असे तेथे म्हटले आहे. आरोपीचे ऐकून घेणे ही इंग्रजांनी दिलेली देणगी आहे असे ज्यांना वाटते, त्यांनी विनयपिटक उघडावे.

पण प्रश्न येथे संपत नाही. तो खरा अवघड होतो तो आपल्याच दारात.

महाड आठवा. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. त्याच वर्षी डिसेंबरात सवर्णांनी महाडच्या न्यायालयात दावा लावला आणि मनाई हुकूम मिळविला. हजारो माणसे सत्याग्रहाला जमली असताना बाबासाहेबांनी तो हुकूम मानला आणि सत्याग्रह स्थगित केला. पुढे दावा चालत राहिला. महाडहून ठाण्याला, ठाण्याहून मुंबईला. १७ मार्च १९३७ रोजी उच्च न्यायालयाचा निकाल लागला. दहा वर्षे! आणि तो दावा जिंकला कशावर? अस्पृश्यांनी तळ्याला शिवू नये अशी पुरातन रूढी आहे, असे वादींचे म्हणणे होते. ती रूढी तितकी पुरातन असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही. जो म्हणतो त्याने सिद्ध करावे, या एका साध्या नियमापुढे वादींचे सारे म्हणणे गळून पडले.

आता आपल्या जिल्ह्यात या. २८ एप्रिल २०१४. जामखेड तालुक्यातील खर्डा. सतरा वर्षांच्या नितीन आगे या विद्यार्थ्याचा खून झाला. खटला नगरच्या न्यायालयात चालला. साक्षीदारांमागून साक्षीदार फितूर झाले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये सर्व आरोपींची सुटका झाली. येथेही नियम तोच होता : जो म्हणतो त्याने सिद्ध करावे. महाडला ज्या नियमाने तळे मोकळे केले, त्याच नियमाने खर्ड्याच्या आईबापांना रिकाम्या हाताने घरी पाठविले.

मग नियम वाईट म्हणायचा काय? मी पुष्कळ विचार केला आहे, आणि माझे मत असे की नाही. तो नियम मोडला तर उद्या पहिला बळी आपलाच पोरगा होईल; पोलीस पाटलाच्या एका शब्दावर तो आत जाईल. खर्ड्यात नियम हरला नाही. तेथे साक्षीच्या पिंजऱ्यात चौथे शील मोडले गेले, आणि ते मोडणारे वकील नव्हते, गावची माणसे होती. भीतीने मोडले, दबावाने मोडले, हे मान्य. त्या भीतीवर उपाय हवा म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने कलम १५-अ आले. पीडित व साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च, आणि जामिनासारख्या प्रसंगी पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे. किती घरांना हे ठाऊक आहे? कायदा शिकायला निघालेल्या मुलाने हे कलम पहिल्या आठवड्यात वाचावे आणि सुटीत गावी आल्यावर विहारात समजावून सांगावे.

आता सर्वांत नाजूक गोष्ट. तुमच्या मुलाचा पहिला अशील बहुधा त्याचा चुलताच असेल. वतनाच्या जमिनी १९५८ च्या कायद्याने वतन नष्ट होऊन नव्या शर्तीवर परत मिळाल्या. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. तरी नडीच्या काळी कितीतरी आजोबांनी त्या स्टॅम्पपेपरवर देऊन टाकल्या. आज तेथून रस्ता गेला आणि जमिनीला भाव आला. चुलता म्हणेल, "वकीलसाहेब, आजोबाला धमकावून अंगठा घेतला असं लिहा. जोडीला जातीवरून शिवी दिली म्हणूनही टाका." शिवी दिली असेल तर जरूर लिहावे, एक शब्दही सोडू नये. दिली नसेल तर? परवानगीवाचून झालेला व्यवहार हा मुद्दा खरा आहे आणि तोच लढविण्याजोगा आहे. त्याला खोटे जोडले की उलटतपासणीत आधी खोटे उघडे पडते आणि खऱ्यालाही बुडविते. शिवाय पुढच्या वेळी ज्या घरावर खरोखर हात उचलला जाईल, त्या घराच्या तक्रारीकडे संशयाने पाहिले जाईल. चुलत्याला "नाही" म्हणणे हे न्यायाधीशापुढे बोलण्यापेक्षा अवघड आहे. म्हणून आईबापांनी मुलाला आजच सांगून ठेवावे की, घरच्या खोट्याला तू नाही म्हणालास तर आम्ही तुझ्या पाठीशी राहू. हे सांगितले नाही, तर दोष एकट्या मुलावर टाकता येणार नाही.

पैशाविषयी थोडे. बाबासाहेबांपाशी वकिलीची सनद काढण्यापुरतेही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला आले. आज सनदेचे कायदेशीर शुल्क अनुसूचित जातीच्या उमेदवाराला १२५ रुपये आहे. त्याहून अधिक नोंदणी शुल्क बार कौन्सिलांनी घेऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये ठरविले. तेव्हा सनदेसाठी जमीन गहाण टाकू नका. पैसा लागेल तो खोलीला, खाणावळीला आणि पुस्तकांना. पुस्तके घेतानाही सांभाळा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. कोणी जुन्या दंड संहितेचे पुस्तक स्वस्तात देऊ करील. जुने खटले समजायला ते उपयोगी आहे, पण अभ्यासाला नवे पुस्तक लागेल.

महाविद्यालय सुरू व्हायला जे काही आठवडे मिळतील, त्यांत मुलाने नगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन बसावे. नगर दूर वाटले तर संगमनेर, श्रीरामपूर, कोपरगाव येथेही न्यायालये आहेत. मागच्या बाकावर शांत बसून ऐकावे. साक्षीदार कुठे अडखळतो, वकील काय विचारतो आणि काय विचारायचे टाळतो, हे वहीत टिपावे. संध्याकाळी घरी येऊन ती वही आजीला वाचून दाखवावी आणि तिला विचारावे, "आजी, यात खोटं कोण बोललं?" अकोल्याच्या त्या मुलाला मी हेच सांगून निघालो. आजी म्हणाली, "वाचून कशाला दावतो, मलाच घिऊन चल की." न्यायालयाचे कामकाज सर्वांना खुले असते. आजीला एस.टी.त अर्धे तिकीट लागेल.