टोल कोण भरतो?

चोरी न करता पैसे वाचवण्यात जी गोडी आहे, ती प्रत्यक्ष चोरीतही नसावी. म्युनिकला राहणारा माझा भाचा या गोडीचा भोक्ता. जर्मनीच्या ऑटोबानवर खासगी मोटारींना टोल नाही. ऑस्ट्रियाच्या हायवेला मात्र ‘व्हिन्येट’ म्हणजे टोलचा परवाना लागतो. भाचा म्हणतो, “मामा, गावातल्या रस्त्याला टोल नाही. तिथून गेलं तर पाप कसलं?”

कायद्याने नाहीच! २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचा जादा आकार नाही, पण स्वित्झर्लंड संघाबाहेर. कॉन्स्टन्स सरोवराच्या जर्मन काठावर फोनने स्विस मनोरा पकडला, तर बिल येऊ शकतं. तिथे रोमिंग बंद करणाऱ्याला मी शहाणाच म्हणेन. त्यात कुणा शेजाऱ्याचं काही जात नाही.

टोलचं तसं नाही हो. कुफ्स्टाइन हे सरहद्दीवरचं ऑस्ट्रियन गाव. टोल वाचवणारे सुट्टीकर त्याच्या रस्त्यांवर इतके लोटले, की डिसेंबर २०१९ मध्ये ऑस्ट्रियाने सरहद्दीपासून कुफ्स्टाइन-दक्षिणपर्यंतचा हायवेचा तुकडा व्हिन्येटमधून वगळला. सरकारने हात टेकले, तेव्हा कुठे गावाला रस्ता ओलांडता आला असेल!

म्हणून पाप-पुण्याचा माझा हिशेब साधा आहे. पैसे वाचले, की ते कुणाच्या दारातून वाचले एवढं बघावं. चुकवलेला टोल हवेत विरत नाही. वाटेवरची कुणी आजी तो खोकत खोकत भरते. आणि तिला पावतीसुद्धा मिळत नाही.