नाव कोणाचे?

काशीत पंचगंगा घाटाला लागून मंगला गौरीचे देऊळ आहे. त्याच्या अवतीभवतीच्या आणि दुर्गाघाट, ब्रह्माघाटाकडे जाणाऱ्या गल्ल्यांतून मराठी घराणी पिढ्यान् पिढ्या नांदत आली. ही वस्ती मुख्यतः शिकणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्यांची. तिच्याविषयी वाचताना एक प्रश्न मला नेहमी अडवतो. हाताखालच्या माणसाला घडवणे म्हणजे नेमके काय? त्याला आपल्या कामास उपयुक्त करणे, की त्याला स्वतःच्या नावाने उभे राहता येईल असे करणे? व्यवहारात आपण या दोन्ही गोष्टी एकच मानतो. त्या एक नाहीत, हे श्रेय वाटून देण्याची वेळ आली म्हणजे कळते.

काशीच्या मराठी पंडितांत नागेशभट्ट काळे यांचे स्थान फार वरचे. सतराव्या शतकाचा उत्तरार्ध आणि अठराव्याचा पूर्वार्ध हा त्यांचा काळ. भट्टोजी दीक्षितांचे नातू हरी दीक्षित हे त्यांचे गुरू. हरी दीक्षितांच्या नावावरील ‘शब्दरत्न’ हा ग्रंथ वस्तुतः नागेशांनीच लिहून गुरूंच्या नावे केला, असे पंडितपरंपरा सांगते. ही कथा गुरुभक्तीचा दाखला म्हणून सांगितली जाते आणि शिष्याच्या बाजूने ती तशी आहेही. परंतु तीच गुरूच्या बाजूने पाहिली तर? शिष्याने अर्पिलेले नाव आणि गुरूने घेतलेले नाव, यांतील अंतर बाहेरून दिसत नाही. मुखपृष्ठ दोन्हीकडे सारखेच असते. ज्याला नाही म्हणण्याची मुभा नाही, त्याचे दान हे दान ठरत नाही. म्हणून असे दान स्वीकारण्यापूर्वी ती मुभा खरोखर होती काय, हे पाहण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर येते.

याच परंपरेतील पुढचा दुवा मला अधिक आश्वासक वाटतो. नागेशांचे शिष्य वैद्यनाथ पायगुंडे यांनी गुरूंच्या ‘उद्द्योता’वर ‘छाया’ आणि ‘परिभाषेन्दुशेखरा’वर ‘गदा’ अशा टीका लिहिल्या. नावे ‘छाया’ आणि ‘गदा’. एक मागून चालणारी, दुसरी रक्षण करणारी. पण त्या पायगुंडे यांच्याच नावाने ओळखल्या जातात. गुरूच्या सावलीत उभे राहूनही शिष्याला स्वतःचे नाव असू शकते, याचा हा पुरावा होय.

आधुनिक कचेरीत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे बरेचसे काम निनावी असते. काशीच्याच एका मराठी घराण्यात १८८३ साली जन्मलेले बाबूराव विष्णू पराडकर हे हिंदी पत्रकारितेचे एक शिल्पकार. शिवप्रसाद गुप्त यांनी १९२० मध्ये ‘आज’ हे दैनिक सुरू केले, तेव्हा संपादकपदी श्रीप्रकाश होते. हेच पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. पराडकर आरंभी त्यांचे सहकारी होते आणि १९२४ मध्ये संपादक झाले. दुसऱ्याच्या नावाखाली काम करणे म्हणजे काय, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. पुढे कमलापती त्रिपाठी यांच्यासारखे तरुण याच कचेरीत लिहिते झाले.

वृत्तपत्रातील अग्रलेखाला सही नसते. मग तेथेही कनिष्ठाचे नाव हिरावलेच जाते, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. पारतंत्र्याच्या काळात संपादक म्हणून ज्याचे नाव छापले जाई, खटला त्याच्यावर होई. ते नाव श्रेयापेक्षा जोखमीचे होते. १९३० च्या चळवळीत सरकारी निर्बंधांमुळे ‘आज’ बंद पडले आणि काशीतून ‘रणभेरी’ हे गुप्त पत्र निघू लागले. त्यात पराडकरांचा मोठा वाटा होता. तेथे नाव न छापणे हे सहकाऱ्यांचे रक्षण होते. तात्पर्य, निनावीपण स्वतः अन्यायकारक नाही. दोष आला तर तो कोणाच्या नावे जमा होतो, यावर त्याची नीती ठरते. जो दोष आपल्या नावे घेतो त्याच्या हाताखाली निनावी राहण्यात कमीपणा नाही. जो श्रेय तेवढे घेतो त्याच्या हाताखाली आहे.

यास आणखी एक बाजू आहे. १९२५ मध्ये वृंदावनच्या संपादक संमेलनात पराडकरांनी इशारा दिला होता की, पुढे वृत्तपत्रे संपन्न आणि देखणी होतील, पण संपादकाचे स्वातंत्र्य उरणार नाही. वरिष्ठाला स्वातंत्र्य नसेल, तर तो ते कनिष्ठाला कोठून देणार? केवळ व्यक्तीच्या सौजन्यावर हा प्रश्न सुटत नाही; संस्थेलाही आपली रीत तपासावी लागते.

हे सारे मी तटस्थपणे लिहीत नाही. अनेक वर्षांपूर्वी एका जुन्या काव्याची संशोधित आवृत्ती मी सिद्ध केली. हस्तलिखिते पडताळून पाठभेद नोंदवण्याचे बहुतेक काम विभागातील एका तरुण सहकाऱ्याने केले होते. मुखपृष्ठावर माझे नाव आले. त्याचे नाव प्रस्तावनेच्या अखेरीस, आभाराच्या ओळीत. त्याने तक्रार केली नाही. त्या मौनाला मी त्या वेळी संमती समजलो. त्याची नेमणूक कायम करण्याविषयीचे टिपण माझ्याकडूनच जायचे होते, हे मी विसरलो होतो, की विसरणे मला सोयीचे होते, हे आजही सांगता येत नाही.

दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मी त्याचे नाव मुखपृष्ठावर घातले. तोवर त्याने संशोधन सोडले होते. पुस्तक मिळाल्याचे त्याचे पत्र आले. त्यात एका पाठभेदाची चूक दाखवली होती, नावाविषयी एक अक्षर नव्हते. चूक खरोखरच होती, आणि ती माझी होती.