बेरजेत न बसणारा अन्याय

अन्याय झाला की नाही हे ठरवताना कायदा तुलना करतो. बाईवर अन्याय झाला का, हे पुरुषाकडे पाहून ठरते. काळ्या माणसावर झाला का, हे गोऱ्याकडे पाहून. मग जी बाईही आहे आणि काळीही आहे, तिने कोणाशेजारी उभे राहून आपले माप द्यायचे?

अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये १९७६ साली निकाल लागलेल्या एका खटल्याने हा प्रश्न उघडा पाडला. जनरल मोटर्स या कंपनीविरुद्ध पाच कृष्णवर्णीय स्त्रिया न्यायालयात गेल्या होत्या. एमा डीग्राफनरीड हे त्यांतले पहिले नाव. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यापूर्वी त्यांच्यासारख्या स्त्रियांना या कारखान्याचे दार जवळजवळ बंदच होते. पुढे ते उघडले. पण मंदी आली तेव्हा नोकरकपात ज्येष्ठतेने झाली, म्हणजे जो शेवटी आला तो आधी बाहेर. १९७० नंतर लागलेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांच्या नोकऱ्या त्यात गेल्या. दार उशिरा उघडणाऱ्यांनी केलेल्या उशिराचा दंड बाहेर ताटकळलेल्यांनी भरला.

न्यायालय म्हणाले, कंपनी १९६४ पूर्वीही स्त्रियांना कामावर घेत होती, तेव्हा हा लिंगभेद नव्हे. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या, ही बाब हिशेबात धरली गेली नाही. वर्णभेदाची तक्रार असेल, तर कंपनीविरुद्ध चालू असलेल्या वर्णभेदाच्या दुसऱ्या खटल्यात सामील व्हा, असे सुचवले गेले. दोन्ही कारणे एकत्र जोडून वेगळी दाद मागणे मात्र मान्य झाले नाही.

न्यायालयाची भीती अगदीच पोकळ नव्हती. आज काळ्या स्त्रिया, उद्या वृद्ध काळ्या स्त्रिया, परवा आणखी कोणी. अशी गटांची फोड करत गेले तर थांबायचे कुठे? प्रत्येक माणूस शेवटी एकट्याचाच गट असतो. पण या आक्षेपात एक गोष्ट उलटी धरली आहे. हा गट त्या पाच जणींनी पाडलेला नव्हता, तो भरतीच्या दाराशी पडला होता. गोरी बाई आत जाऊ शकत होती, काळा पुरुष आत जाऊ शकत होता. अडत होती ती काळी बाईच. म्हणून फोड अनंत होत नाही. जिथे खरोखर भिंत उभी केली गेली, तिथेच ती मोजायची. १९८० साली दुसऱ्या एका अपील न्यायालयाने एकत्रित भेदभावाची अशी तक्रार ग्राह्य धरलीही.

कायद्याच्या अभ्यासक किम्बर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये या खटल्याचा आधार घेऊन ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संज्ञा मांडली. त्यांनी चौकाचे रूपक वापरले. चौकात उभ्या असलेल्या माणसाला या रस्त्यावरची गाडी धडकू शकते, त्या रस्त्यावरची धडकू शकते, कधी दोन्हीकडच्या एकदम. तिथे ‘नेमकी कोणत्या रस्त्यावरची जखम?’ असे विचारणे, आणि उत्तर देता आले नाही म्हणून जखमच नाकारणे, हे क्रूर आहे. ही साधी बेरीजही नव्हे. स्त्री म्हणून एक दुःख आणि काळी म्हणून दुसरे, असे दोन कप्पे तिच्या आयुष्यात नसतात.

हा दोष केवळ न्यायालयांचा असता तर कायदा बदलून भागले असते. पण हक्कांसाठी लढणाऱ्यांनीही तिला थांबायला सांगितले आहे. १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताधिकार दिला, १९२० च्या एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांना. कागदावर दुसऱ्या दुरुस्तीत काळी स्त्री आली. दक्षिणेतल्या बहुसंख्य काळ्या स्त्रियांच्या हाती मत प्रत्यक्षात पडायला १९६५ चा कायदा यावा लागला.

सहानुभूतीसुद्धा तिला पुसू शकते. सोजर्नर ट्रुथ १८५१ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन येथे स्त्रीहक्क परिषदेत बोलल्या. त्या भाषणाचा सर्वांत गाजलेला पाठ बारा वर्षांनी एका गोऱ्या सुधारक स्त्रीने छापला आणि ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेतल्या गुलामांची म्हणून ओळखली जाणारी बोली घातली. ट्रुथ वाढल्या होत्या न्यूयॉर्क राज्यात, आणि त्यांची पहिली भाषा डच होती. जिच्या बाजूने लिहायचे, तिचा आवाजही आपल्या कल्पनेप्रमाणे बेतला गेला.

हे वाचताना मराठी माणसाला मुक्ता साळवे आठवावी. फुल्यांच्या शाळेतल्या या मुलीने १८५५ मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला, तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. जातीचे दुःख सांगता सांगता ती आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणाकडे वळते, डोक्यावर धड छप्पर नसलेल्या बाळंतिणीकडे. त्या बाळंतिणीचे दुःख जातीचे की बाईपणाचे? मुक्ताने तो प्रश्न विचारला नाही. तिला तो पडलाच नसावा.

तो प्रश्न पडतो आपल्याला, कारण आपल्या चळवळींच्या याद्या वेगवेगळ्या आहेत. म्हणून यादी करताना एवढे तरी पाहावे: ‘स्त्री’ म्हणताना आपल्या डोळ्यांपुढे कोण उभी राहते, आणि त्या वेळी दाराबाहेर कोण उभी आहे?