सूट की मदत? एकल पालकाचा कौन्सिल टॅक्स

कौन्सिल टॅक्स हा ग्रेट ब्रिटनमधला स्थानिक कर. इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये तो १ एप्रिल १९९३ पासून आकारला जातो. उत्तर आयर्लंडमध्ये अजून जुनी ‘रेट्स’ची पद्धत चालते. महाराष्ट्रातल्या घरपट्टीशी त्याचे साम्य वरवरचे आहे. घरपट्टीची जबाबदारी मुळात घरमालकाची. कौन्सिल टॅक्स भरायचा तो साधारणपणे घरात राहणाऱ्याने, मग तो भाडेकरू का असेना. त्यामुळे संसार मोडल्यावर घर कोणाच्या मालकीचे हा प्रश्न मागे पडतो आणि घरात कोण उरले हा पुढे येतो. बहुतेक वेळा आई आणि मुले उरतात. या घराकडून कमी कर घ्यावा, यावर फारसा वाद नाही. वाद आहे तो कारणाचा. कमी घेणे हा उपकार, की तेवढाच तिचा वाटा?

कायद्याने याचे एकच उत्तर दिलेले नाही. त्याने दोन वेगळी दारे ठेवली आहेत आणि दोन्हींवर पाट्याही वेगळ्या आहेत.

पहिले दार सवलतीचे. कौन्सिल टॅक्सचे पूर्ण बिल घरात दोन प्रौढ राहतात असे गृहीत धरून काढलेले असते. अर्धी रक्कम घरासाठी, अर्धी त्यात राहणाऱ्या माणसांसाठी, असा त्यामागचा हिशेब. एकच प्रौढ असेल तर माणसांच्या अर्ध्यातला अर्धा, म्हणजे एकूण बिलाचा पाव हिस्सा वजा होतो. ही २५ टक्क्यांची सूट. अठरा वर्षांखालील मुले या मोजणीत येतच नाहीत. पूर्णवेळ विद्यार्थी, गंभीर मानसिक अपंगत्व असलेली व्यक्ती आणि कमी पगाराचे काही शिकाऊ कामगार यांनाही मोजत नाहीत. तीन मुलांची आई म्हणूनच कायद्याच्या लेखी ‘एक’ ठरते.

या सवलतीत दया नाही, वजाबाकी आहे. दुसरा माणूस घरात नाही, म्हणून त्याचा वाटा मागितला जात नाही, इतकेच. लंडनच्या उच्चभ्रू भागात प्रशस्त घरात एकटा राहणारा धनिक आणि लीड्सच्या दोन खोल्यांत मुलांना वाढवणारी आई, दोघांनाही पाव हिस्साच सुटतो. रकमेत बघितले तर धनिकाला जास्त, कारण त्याचे मूळ बिल मोठे. ॲरिस्टॉटलने ‘निकोमाखियन एथिक्स’च्या पाचव्या भागात वाटपातला न्याय म्हणजे प्रमाण असे मांडले: समानांना समान, असमानांना त्यांच्या असमानतेच्या प्रमाणात. सवलतीचा नियम यातले पहिले अर्धे काटेकोरपणे पाळतो आणि दुसऱ्याकडे बघतही नाही. एकटेपणा त्याला मोजता येतो, ओझे मोजता येत नाही.

मुलाला शून्य धरण्यातही असाच पेच आहे. मूल कमावत नाही, म्हणून कर भरणाऱ्यांत त्याला धरू नये, हे रास्तच. पण तेच मूल जेवते, त्याला बूट आखूड होतात, ते घरी असेल तेव्हा आईला जास्तीचे काम घेता येत नाही. भरणारा म्हणून त्याला वगळताना कायदा खाणारा म्हणूनही वगळून टाकतो. मूल असण्याने सवलत जात नाही, हे खरे. पण मूल असण्याने ती वाढतही नाही.

ही उणीव भरून काढायला दुसरे दार आहे: उत्पन्न कमी असलेल्यांसाठीचे ‘कौन्सिल टॅक्स रिडक्शन’, काही ठिकाणी ‘सपोर्ट’. इथे पगार, बचत आणि अनेक योजनांत मुलांची संख्याही पाहिली जाते. काही कौन्सिलांच्या, म्हणजे स्थानिक पालिकांच्या, योजनांत मात्र दोन मुलांपुढे मोजणी थांबते. सवलतीची पाटी गणिताची होती, या दाराची पाटी गरजेची. गरजेचे दार म्हटले की इंग्लंडचा चारशे वर्षांचा इतिहास उंबऱ्यावर येऊन उभा राहतो.

इंग्लंडमधला स्थानिक कर वाढला तोच मुळी गरिबांसाठी. १६०१ च्या कायद्याने प्रत्येक पॅरिशला, म्हणजे चर्चच्या गावठाणाला, आपल्या हद्दीतल्या निराधारांना पोसण्याची सक्ती केली आणि त्यासाठी घरा-जमिनीच्या भोगवटादारांकडून पट्टी गोळा करण्याचा अधिकार दिला. ख्रिस्ती दानधर्म आता वसुलीच्या वहीत आला. पण ‘पात्र’ गरीब आणि ‘अपात्र’ गरीब हा भेद त्यामुळे गेला नाही, उलट पक्का झाला. विधवा सहसा पात्र मानली जाई. लग्नाशिवाय आई झालेली बाई सहसा नाही. १८३४ च्या सुधारित कायद्याने तर कहर केला: अनौरस मुलाचा भार ते सोळा वर्षांचे होईपर्यंत आईवरच टाकला. बाईला जरब बसावी हा उघड हेतू होता. दहा वर्षांनी, १८४४ मध्ये, बापाकडून पोटगीसाठी थेट दाद मागण्याची मुभा तिला मिळाली. १९१८ मध्ये अविवाहित माता आणि तिच्या मुलासाठीची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आज ‘जिंजरब्रेड’ या नावाने एकल पालकांसाठी काम करणाऱ्या संस्थेचे मूळ तिच्यात आहे.

पात्र-अपात्राचा विचार मराठी वाचकाला परका नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानाची लक्षणे सांगताना देश आणि काळ यांच्या जोडीला पात्रही येते. मात्र तिथला भर देणाऱ्याच्या वृत्तीवर आहे. परतफेडीची अपेक्षा नसणे ही त्यातली एक अट. पात्रतेची कसोटी घेणाऱ्याच्या गळ्यात अडकवून त्याला दारोदार फिरवणे हा गीतेचा हेतू म्हणता येत नाही. बाराव्या शतकातले ज्यू धर्मशास्त्री मायमोनिडीस यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या. त्यात मागितल्यावर देण्यापेक्षा मागण्यापूर्वी देणे वरच्या पायरीवर आहे. या मापाने पाहिले तर कौन्सिल टॅक्समधली मदत खालच्या पायरीवरच राहते, कारण ती मागितल्याशिवाय मिळत नाही. शिवाय कुठे मागायची हेही पुष्कळांना ठाऊक नसते. ‘युनिव्हर्सल क्रेडिट’ हा केंद्र सरकारचा भत्ता सुरू झाला की सगळी मदत त्यातच आली, असा अनेकांचा समज होतो. कौन्सिल टॅक्स त्यात धरलेला नाही. त्यासाठी कौन्सिलकडे वेगळा अर्ज करावा लागतो.

मदत शंभर टक्के असावी की प्रत्येकाने थोडे तरी भरावे, हा पुढचा प्रश्न. १९८९ मध्ये स्कॉटलंडला आणि १९९० मध्ये इंग्लंड-वेल्सला मार्गारेट थॅचर यांच्या सरकारने पोल टॅक्स लावला. दर डोई सारखा कर, मग डोके जमीनदाराचे असो की त्याच्या माळ्याचे. अगदी गरिबालाही त्यातला २० टक्के भाग भरावाच लागे. त्यामागे एक विचार होता, तो उडवून लावण्याजोगा नाही. जो मत देतो त्याला त्या मताची किंमतही जाणवली पाहिजे. खर्च दुसऱ्याच्या खिशातून होणार असेल तर माणूस खर्चाला हो म्हणतो. पण दहा पौंडांची जाणीव सगळ्यांना सारखी होत नाही. एखाद्याच्या ती लक्षातही येत नाही, दुसऱ्याच्या घरी त्या आठवड्यात गॅसच्या मीटरमध्ये पैसे पडत नाहीत. ३१ मार्च १९९० रोजी ट्रॅफल्गर चौकातल्या निदर्शनाचे दंगलीत रूपांतर झाले, आणि तीन वर्षांनी हा कर गेला.

त्याच्या जागी आलेल्या कौन्सिल टॅक्समध्ये गरिबाचे पूर्ण बिल माफ होऊ शकत होते. ही सोय वीस वर्षे टिकली. एप्रिल २०१३ मध्ये देशव्यापी ‘कौन्सिल टॅक्स बेनिफिट’ बंद झाले, इंग्लंडमध्ये प्रत्येक कौन्सिलला स्वतःची योजना करायला सांगितली गेली आणि त्यासाठीचा निधी दहा टक्क्यांनी कापला गेला. निवृत्तांचे संरक्षण केंद्राने कायम ठेवले, म्हणजे कात्री लागली ती कामाच्या वयाच्या लोकांना. स्कॉटलंड आणि वेल्स यांनी आपापल्या देशभर एकच योजना ठेवली. इंग्लंडमध्ये मात्र एकच पगार, तेवढीच मुले आणि तसेच घर असलेल्या दोन आया रस्त्याच्या दोन बाजूंना राहत असतील आणि मधून कौन्सिलची हद्द जात असेल, तर एकीला पूर्ण माफी आणि दुसरीला पाचवा हिस्सा भरायचा, असे होऊ शकते. स्थानिक स्वायत्तता ही चांगली गोष्ट आहे; गरजेची व्याख्या हद्दीच्या दगडावर बदलावी, इतकी चांगली नव्हे.

लंडनच्या हॅरिंगे कौन्सिलची योजना याच काळातली. लोकांचे मत मागवताना कौन्सिलने निधीतली कपात मदत घेणाऱ्यांवर टाकण्याचा मार्गच पुढे ठेवला. कर थोडा वाढवणे, शिल्लक वापरणे, इतर खर्च कमी करणे या पर्यायांचा नीट उल्लेख केला नाही. पूर्ण माफी मिळत आलेल्या दोन एकल मातांनी न्यायालयात धाव घेतली. ऑक्टोबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही सल्लामसलत बेकायदा ठरवली. निकालाचा मुद्दा प्रक्रियेचा होता, पण त्यात नैतिक आशय आहे: ज्याच्यावर भार टाकायचा त्याला दुसरे मार्गही होते हे सांगायला हवे.

दर वर्षी मार्चमध्ये दारातल्या पायपुसण्यावर पडणारे बिल वाचले की ही चर्चा आकड्यांत दिसते. वर घराचा बँड, इंग्लंडमध्ये ‘ए’ ते ‘एच’ यांपैकी एक अक्षर. तिथे ते १ एप्रिल १९९१ रोजी घर किती किमतीला गेले असते यावर ठरते. ते बिल भरणाऱ्या कितीतरी आया तेव्हा जन्मल्याही नव्हत्या. समजा, पूर्ण कर २,००० पौंड. एकट्या प्रौढाची सूट ५०० गेली, राहिले १,५००. कौन्सिलची योजना जास्तीत जास्त ८० टक्के सोडत असेल तर आणखी १,२०० गेले. उरले ३०० पौंड, दहा हप्त्यांत महिना ३०. एक हप्ता चुकला की स्मरणपत्र येते आणि सात दिवस मिळतात. तेही चुकले तर हप्त्यांची सोय जाते आणि वर्षाची उरलेली रक्कम एकदम मागितली जाते. पुढे मॅजिस्ट्रेटचा आदेश, वसुली अधिकारी, आणि त्यांचे खर्च त्याच बिलावर. मोठ्या रकमेची सूट देणारी व्यवस्था छोट्या रकमेसाठी अशी कठोर होते.

कठोरपणाचे टोक तुरुंग. हेतुपुरस्सर नकार किंवा अक्षम्य हयगय सिद्ध झाली तर तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद कायद्यात होती. २०१६ मध्ये वेल्समधल्या पोर्थकॉल गावच्या एका एकल मातेला ८१ दिवसांची शिक्षा झाली. चाळीस दिवस आत काढल्यावर ती सुटली, आणि जानेवारी २०१७ मध्ये उच्च न्यायालयाने ती कैद बेकायदा ठरवली. तिला खरोखर किती भरणे शक्य होते, याची नीट चौकशीच झाली नव्हती. न देणे आणि देता न येणे या दोन गोष्टी इथे एक झाल्या होत्या. एप्रिल २०१९ पासून वेल्सने ही शिक्षाच काढून टाकली.

एकटेपणा सिद्ध करणे हा आणखी एक नाजूक भाग. कोणी वरचेवर मुक्कामाला येत असेल तर तो पाहुणा कधी संपतो आणि जोडीदार कधी सुरू होतो? कायदा विचारतो, त्याचे मुख्य वास्तव्य कुठे आहे. मुलाच्या बाबतीतही तारीख महत्त्वाची. ते अठरा वर्षांचे झाले, त्याच्यासाठी मिळणारा ‘चाइल्ड बेनिफिट’ हा भत्ता संपला आणि ते कामाला लागले की घरात दुसरा प्रौढ आला आणि पाव हिस्सा गेला, मग त्या पगारातला एक पैसाही आईच्या हाती न येवो. बदल कळवला नाही तर दंड होऊ शकतो.

ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांना हा सगळा विषय एका ठिकाणी थेट भिडतो. नवऱ्याच्या नोकरीमुळे व्हिसावर आलेली बाई वेगळी झाली की तिच्या कागदावर बहुधा ‘सार्वजनिक निधीचा आधार नाही’ ही अट असते. म्हणजे आई जेवू घालीना, बाप भीक मागू देईना. उत्पन्नावर आधारलेले कौन्सिल टॅक्स रिडक्शन हा अशा व्हिसावर सार्वजनिक निधी मानला जातो. ते मागितले तर व्हिसाची अट मोडते. एकट्या प्रौढाची २५ टक्के सूट मात्र सार्वजनिक निधी नाही. उपकार की वाटा, याचे उत्तर इमिग्रेशनच्या नियमांनी असे न मागता देऊन टाकले आहे. ही सूट आपोआप बिलावर येत नाही. ती कौन्सिलला कळवून घ्यावी लागते, आणि ती घेतल्याने व्हिसाला धक्का लागत नाही.