एकट्याने दिलेली साक्ष



म्हैसूरचे नाव निघाले की आपल्याला राजवाडा आठवतो, दसरा आठवतो. मला मात्र त्या शहरातील श्री जयचामराजेंद्र अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेला एक तरुण आठवतो. मंजुनाथ षण्मुगम हे त्याचे नाव. लखनौच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेतील शिक्षण आटोपून तो इंडियन ऑईलमध्ये अधिकारी झाला. उत्तर प्रदेशातील लखीमपूर खेरी भागातील पेट्रोलपंपांवर देखरेख ठेवणे हे त्याचे काम होते.

त्या काळी रेशनवरचे रॉकेल सवलतीच्या दराने मिळे आणि डिझेल त्याहून कितीतरी महाग असे. भेसळीचे मूळ या फरकातच होते. गरिबाच्या स्टोव्हसाठी निघालेले रॉकेल वाटेतच वळवले जाई, पंपाच्या टाकीत मिसळले जाई, आणि त्यातून सुटणारा पैसा इतक्या हातांतून फिरे की बोलण्याची इच्छा कोणालाच उरत नसे. मंजुनाथने भेसळ आढळलेले पंप बंद केले. ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा तो पुन्हा तपासणीस गेला. १९ नोव्हेंबर २००५ च्या रात्री गोला गोकर्णनाथ येथे त्याला गोळ्या घालण्यात आल्या. त्याचे वय अवघे २७ होते.

येथे आपण हळहळतो, त्याला हुतात्मा म्हणतो आणि पान उलटतो. पण क्षणभर थांबून विचार करावा. मंजुनाथला जे दिसले, ते केवळ त्यालाच दिसत होते काय? पंपावरच्या नोकराला ठाऊक होते, टँकरच्या चालकाला ठाऊक होते, ज्याचे इंजिन बिघडले त्या ट्रकवाल्याला तर होतेच होते. सत्य गुप्त नव्हते. ते उच्चारणारा मात्र एकटा होता, आणि एकट्याला संपवणे सोपे असते.

महाराष्ट्राला हे नवे नाही. मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ तेलाच्या भेसळखोरांनी भरदिवसा जिवंत जाळले. तळेगाव दाभाडे येथील जमीनव्यवहार माहितीच्या अधिकारात उघड करणारे सतीश शेट्टी त्यापूर्वी एक वर्ष, १३ जानेवारी २०१० रोजी मारले गेले होते.

मंजुनाथच्या मृत्यूनंतर मात्र एक निराळी गोष्ट घडली. व्यवस्थापन संस्थांच्या माजी विद्यार्थ्यांनी त्याच्या नावे ट्रस्ट उभारला आणि खटला थंडावू दिला नाही. २००७ मध्ये सत्र न्यायालयाने मुख्य आरोपीस फाशी सुनावली. उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेवर आणली. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा जणांची जन्मठेप कायम केली. दहा वर्षे! इतका काळ तारखांचा पाठपुरावा करणे एकट्या शोकाकुल कुटुंबास झेपले असते काय? भ्रष्टाचारावर नजर ठेवणाऱ्या संस्थांचे खरे मोल मला येथे दिसते. दोष उघड करणे हे त्यांचे अर्धेच काम. धोका अनेकांत वाटून घेणे हे उरलेले अर्धे.

अशा संस्थांनाही मोह असतातच. पुराव्याआधी नाव घेणे हीसुद्धा खोटी साक्षच होय, आणि संशयाची चटक लागलेला मनुष्य शेवटी स्वतःखेरीज सर्वांना चोर समजू लागतो. परंतु आपल्यापैकी बहुतेकांना हा धोका नाही. आपला दोष वेगळा आहे.

गैरव्यवहार उघड करणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा २०१४ मध्ये मंजूर झाला, पण पुढे दहा वर्षे उलटली तरी तो अमलात आला नव्हता. सरकारला नावे ठेवावीत म्हणून मी लेखणी उचललीही होती. तेवढ्यात एक जुना प्रसंग आठवला. एका संस्थेच्या वार्षिक सभेत एका वृद्ध सभासदाने उठून बांधकामाच्या पावत्या दाखवण्याची विनंती केली. अध्यक्षांनी विषय पुढे ढकलला. सभेनंतर चहा झाला. ते गृहस्थ खिडकीपाशी एकटेच कप घेऊन उभे होते, कोणीही त्यांच्याजवळ गेले नाही. पावत्यांविषयीची शंका माझ्याही मनात होती. मी दुसऱ्या टोकाला उभा राहून पावसापाण्याच्या गप्पा मारीत होतो.