अंथरुणाला खिळलेल्यांची विचारपूस



जुलै महिन्याचा चौथा रविवार आपली ख्रिस्तसभा 'आजी-आजोबा आणि वृद्धांचा जागतिक दिन' म्हणून पाळते. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०२१ साली हा दिवस सुरू केला. पवित्र मरियेचे आईवडील संत योआकीम आणि संत अॅना ह्यांचा सण २६ जुलै रोजी असतो, म्हणून त्याच्या जवळचा रविवार निवडण्यात आला. ह्या दिवशी आपण वडीलधाऱ्यांना देवळात पुढच्या बाकांवर बसवतो, त्यांना फुले देतो, त्यांच्यासाठी मिस्सा अर्पण करतो. हे सारे योग्यच आहे. परंतु ज्यांना देवळापर्यंत येताच येत नाही, त्यांचे काय? पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेले, स्मृतिभ्रंशामुळे पोटच्या मुलांनाही न ओळखणारे, बौद्धिक अपंगत्वामुळे वयाने मोठे होऊनही सर्वस्वी दुसऱ्यावर अवलंबून असलेले असे अनेकजण आपल्या धर्मग्रामातच आहेत. आज आपण त्यांच्याविषयी विचार करू या.

संत योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात बेथेस्दाच्या तळ्याकाठी पडून राहिलेल्या एका आजारी माणसाची हकीगत आहे. त्याचे दुखणे ३८ वर्षांचे होते. तळ्याला पाच ओसऱ्या होत्या आणि तिथे रोग्यांची गर्दी असे. एवढ्या माणसांत राहूनही त्या बिचाऱ्याचे गाऱ्हाणे एकच होते : मला उचलून पाण्यात नेणारे कोणी नाही. त्याच्या दुखण्याइतकेच हे एकटेपणही भयंकर होते.

आज आपल्या घरांतील चित्र काय आहे? मुले आखातात किंवा कॅनडात, सून-मुलगा सकाळच्या लोकलने मुंबईला. घरी आजारी आई किंवा वडील. मग ब्यूरोतून मावशी किंवा वॉर्डबॉय ठेवला जातो, बारा तासांचा नाही तर चोवीस तासांचा. ह्यात पाप काहीच नाही. उलट, परक्याची घाण हसतमुखाने काढणाऱ्या, भरवणाऱ्या, रात्रभर जागणाऱ्या कितीतरी मावशींचे आपल्यावर उपकार आहेत. पण सकाळी दार बंद झाले की संध्याकाळपर्यंत आत काय घडते, हे पाहणारे कोणी नसते. रुग्णालयात डॉक्टर फेरी मारतात, शेजारच्या खाटेवरचा रोगी पाहत असतो. घरातल्या त्या खोलीत मात्र एक सबळ आणि एक दुर्बल, अशी दोनच माणसे असतात. छळाला वाव मिळतो तो इथेच.

छळ म्हणजे केवळ मारहाण नव्हे. वारंवार लघवी काढावी लागू नये म्हणून पाणीच कमी देणे, दुपारी शांतता हवी म्हणून डॉक्टरांना न विचारता झोपेची गोळी देणे, डायपर दिवसभर न बदलणे, हात खाटेला बांधून ठेवणे, अंघोळ घालताना लाज न राखणे, वाईट हेतूने स्पर्श करणे, वेडे-खुळे म्हणून हिणवणे, फोन हातात न देणे, बँकेच्या कागदावर अंगठा उठवून घेणे, हा सगळा छळच आहे. आणि हे केवळ पगारी माणसेच करतात असे समजू नये. पेन्शनवर डोळा ठेवणारे, जेवण देताना घालूनपाडून बोलणारे हात पुष्कळदा घरचेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ६० वर्षे व त्यावरील वयाच्या दर सहाजणांपैकी सुमारे एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारची अशी वागणूक सोसावी लागते, आणि हा अंदाज घरी, समाजात राहणाऱ्या वृद्धांविषयीचा आहे.

मग आपण काय करायचे? प्रभू येशूने बेथेस्दाला जे केले तेच.

पहिली गोष्ट, प्रभूने त्याला पाहिले. गर्दीतून त्याची नजर त्या एका माणसावर गेली. आपण आजाऱ्याच्या खोलीत जातो तेव्हा काय पाहतो? पांघरूण बाजूला करून पाठ आणि टाचा पाहा. ज्याला स्वतः हलता येत नाही, त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाहीतर जखमा होतात. ओठ कोरडे आहेत का, वजन झपाट्याने घटले आहे का, दंडावर वळ आहेत का, कोणी जवळ आले की आजारी अंग चोरून घेतो का, हे पाहा. प्रत्येक जखम म्हणजे छळ नव्हे. म्हाताऱ्या कातडीवर साध्या धक्क्यानेही डाग उठतो. म्हणून कोणावर एकदम आळ घेऊ नये, पण डोळेझाकही करू नये.

दुसरी गोष्ट, हा किती काळ पडून आहे हे प्रभूने जाणले. आपणही माहिती ठेवली पाहिजे. मावशी ठेवण्यापूर्वी तिचे ओळखपत्र पाहणे, पोलीस पडताळणी करून घेणे, कामाचे तास, पगार आणि सुटी लेखी ठरवणे, औषधे कधी व किती दिली ह्याची वही ठेवणे, ह्यात कोणाचा अपमान नाही. एटीएमचा पिन, चेकबुक आणि दागिने तिच्या हाती सोपवू नयेत. त्यामुळे तिच्यावरही नाहक संशय येत नाही.

इथे एक कटू सत्य सांगितले पाहिजे. चोवीस तास कामाला जुंपलेली, सलग चार तासही झोप न मिळणारी, उरलेसुरले खाणारी, महिन्याकाठी एकही सुटी नसलेली बाई कधीतरी चिडणारच. तिने हात उचलला तर ते समर्थनीय नाही. पण त्या दिवसाची तयारी आपणच करून ठेवलेली असते. मजुराची अडवलेली मजुरी देवाकडे आक्रोश करते, असे संत याकोब आपल्या पत्रात बजावतो. जिच्या हाती आपण आपली आई सोपवतो, तिला आपल्या घरात न्याय मिळालाच पाहिजे. हेच स्वतःच्या आजारी नवऱ्याची वर्षानुवर्षे एकटीने सेवा करणाऱ्या पत्नीलाही लागू आहे. तिला आठवड्यातून दोन तास कोणी मोकळे केले, तर तीही मोठी दया होईल.

तिसरी गोष्ट, प्रभूने त्यालाच विचारले. बरे व्हायची तुझी इच्छा आहे का, हा प्रश्न त्याने दुसऱ्या कोणाला नव्हे, त्या आजाऱ्यालाच केला. आपण मात्र मावशीच्या देखत विचारतो, "काय आजी, बरं आहे ना?" आजी मान डोलावते. तिला ठाऊक असते, तक्रार केली आणि ही गेली तर उद्या मला उचलणार कोण? तिने कधी धीर करून सांगितलेच, तर "तिचं डोकं ठिकाणावर नाही, तिचं काय ऐकता?" असे म्हणून आपण मोकळे होतो. स्मृती गेली तरी वेदना जात नाही. म्हणून थोडा वेळ एकट्याने बसा, हात हातात घ्या, विचारा, आणि सांगितलेले खरे असू शकते असे मानून ऐका.

शेवटची गोष्ट. तो माणूस बरा झाला, तेव्हा आनंद करण्याऐवजी लोकांनी शब्बाथाच्या नियमावरून वाद घातला. आपल्याकडेही कोणी मध्ये पडले की "आमच्या घरची गोष्ट आहे" असे ऐकून घ्यावे लागते. तरी गप्प बसू नये. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांसाठी २००७ साली झालेल्या कायद्यानुसार, सांभाळण्याच्या अटीवर घर नावावर करून घेऊन नंतर न सांभाळणाऱ्याचे ते हस्तांतर न्यायाधिकरण रद्द करू शकते. ज्याच्याकडे सांभाळ आहे, त्याने वृद्धाला टाकून दिले तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदतीचा राष्ट्रीय क्रमांक आहे. जिवाला धोका असेल तर ११२. हे दोन आकडे घरातल्या फोनजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत.

ख्रिस्तसभेनेही स्वतःला ह्यातून वगळलेले नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१९ साली काढलेल्या फर्मानात मुलांबरोबरच दुर्बल प्रौढांच्या लैंगिक छळाचीही दखल घेतली आणि त्याची माहिती वरिष्ठांना कळवणे धर्मगुरू व व्रतस्थांना बंधनकारक केले. आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद नेणारे, सेंट विन्सेंट डी पॉल संस्थेचे व लिजन ऑफ मेरीचे सभासद ह्यांनी आपणही हे पथ्य पाळावे : दोघांनी मिळून जावे, दार उघडे ठेवावे, आजाऱ्याच्या पैशाला हात लावू नये, आणि खटकलेली गोष्ट मनात न ठेवता धर्मगुरूंना सांगावी. काही बंद खोल्यांत महिनाभरात बाहेरचे दुसरे कोणी जातच नाही. तिथे प्रभूला नेणारा माणूस त्याचे डोळेही घेऊन गेला पाहिजे.

ह्या आठवड्यात प्रत्येक छोट्या ख्रिस्ती समूहाने आपल्या आळीतील अंथरुणाला खिळलेल्यांची यादी करावी आणि कोण कोणत्या दिवशी जाईल हे ठरवावे. न कळवता जावे, पाच मिनिटे का होईना बसावे. विचारपूस हा आपल्या भाषेतला किती साधा शब्द! पण जिथे विचारणारे कोणी येते-जाते, तिथे छळ करायला हात धजत नाही.

हे प्रभो, आमच्या आळीत कोणावरही 'मला कोणी नाही' असे म्हणण्याची वेळ येऊ देऊ नकोस. आमेन.