क्षमा मिळाली, वही परत द्यायची का?



मागच्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर एका तरुणाने मला चर्चच्या पायऱ्यांवर गाठले. तो म्हणाला, “फादर, देव सगळी पापं माफ करतो असं तुम्ही सांगता. मग चुकलेल्या माणसाला चर्च पुन्हा कामावर का घेत नाही? आणि घेतलंच, तर लोक का चिडतात?” प्रश्न सरळ होता, पण उत्तर पायरीवर उभ्या उभ्या देण्यासारखे नव्हते. म्हणून आज ते लिहून देत आहे. सुरुवात माझ्याच एका चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वी मी मराठवाड्यातल्या एका खेड्यातील धर्मग्रामात होतो. तिथे एक प्रार्थना चालवणारे गृहस्थ होते. सगळे त्यांना मास्तर म्हणत. मला ज्या रविवारी वस्तीवर जाता येत नसे, त्या रविवारी ते लोकांना जमवून शास्त्रवाचन करीत. चौदा बायकांच्या बचतीची वहीही त्यांच्याकडेच असे. एका नाताळाच्या तोंडावर बायकांनी पैसे मागितले तेव्हा नऊ हजार रुपये कमी भरले. मास्तरांनी ते दारूत आणि जुन्या उधारीत घालवले होते. हे त्यांनी वस्तीसमोर उभे राहून, रडत, स्वतःच्या तोंडाने सांगितले. (ही गोष्ट सर्वांसमोर घडलेली आहे, म्हणूनच लिहितो. पापनिवेदनात ऐकलेला शब्द धर्मगुरूबरोबर मातीत जातो.)

त्या रविवारी मी उधळ्या पुत्रावर प्रवचन दिले. प्रवचन चांगले झाले, असे मलाच वाटले. पुढच्या महिन्यात मी मास्तरांना बचतीची वही परत दिली. आपण फार मोठे ख्रिस्ती काम केले, या समाधानात होतो. तेव्हा एक म्हातारी उठली आणि शांतपणे म्हणाली, “फादर, पैसं आमचं व्हतं. माफी तुम्ही कशी काय दिली?”

सेमिनरीत तत्त्वज्ञानाची पदवी घेताना मी क्षमेवर बरेच वाचले होते. त्या बाईच्या एका वाक्याने माझी सगळी पाने कोरी केली.

तीन वेगळ्या गोष्टी

म्हातारीने मला जे दाखवले ते असे. आपण ‘क्षमा’ या एका शब्दाखाली तीन गोष्टी बांधून टाकतो. पहिली क्षमा: मी तुझ्याविषयी मनात वैर ठेवणार नाही, तुझे वाईट चिंतणार नाही. दुसरी समेट: तुझे-माझे तुटलेले नाते पुन्हा जोडले जाते. तिसरी जबाबदारी: लोकांची माणसे, पैसे किंवा मुले पुन्हा तुझ्या हाती सोपवली जातात. पहिली एकट्याने देता येते. दुसरीला दोघे लागतात. तिसरीला तर ज्यांचे काही पणाला लागले आहे ते सगळे लागतात. मी मास्तरांना पहिली देऊ शकत होतो. तिसरी माझ्या मालकीची नव्हतीच, आणि मी नेमकी तीच वाटून टाकली.

आपली चर्च हा भेद फार पूर्वीपासून जाणते. संत थॉमस अक्वायनस यांनी पापाचा दोष आणि पापामुळे मागे राहणारे ऋण यांत फरक केला आहे. दोष पुसला गेला तरी ऋण फेडायचे उरते. म्हणूनच पापनिवेदनानंतर आपण प्रायश्चित्त करतो. जक्कयाच्या घरी प्रभू येशू आनंदाने जेवायला गेला, पण त्या जेवणातच जक्कयाने ज्यांना लुबाडले होते त्यांना चौपट परत करण्याचा शब्द दिला. घरात तारण आले आणि तिजोरी उघडली, दोन्ही एकाच दिवशी.

इ. स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसच्या छळात पुष्कळ ख्रिस्ती लोकांनी भीतीने मूर्तींपुढे धूप जाळला. छळ थांबल्यावर ते रडत परतले. कार्थेजचे बिशप संत सिप्रियन यांनी त्यांना दार बंद केले नाही. प्रायश्चित्ताचा काळ ठरवून त्यांना पुन्हा पंगतीत घेतले. परंतु बासिलिदेस आणि मार्शियालिस या स्पेनमधल्या दोन पतित बिशपांचा प्रश्न आला, तेव्हा सिप्रियन व त्यांच्या सोबतच्या बिशपांनी सांगितले की या दोघांनी प्रायश्चित्त जरूर करावे, पण बिशपपद त्यांना परत मिळणार नाही. क्षमेचे दार आणि पदाचे दार वेगवेगळे असते, हे त्यांना ठाऊक होते.

मग पेत्राचे काय?

इथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवलेच पाहिजे. पेत्राने तर प्रभूला तीनदा नाकारले होते. तरी त्याचे पद गेले नाही. मग सिप्रियनने त्या बिशपांना जे नाकारले ते प्रभूने पेत्राला कसे दिले?

योहानाच्या शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय घरी उघडून सावकाश वाचा. किनाऱ्यावर कोळशांचा विस्तव पेटलेला आहे. कोळशांचा विस्तव असे सांगणारा तोच ग्रीक शब्द नव्या करारात दोनदाच येतो: एकदा इथे, आणि एकदा प्रमुख याजकाच्या अंगणात, जिथे शेकत उभे असताना पेत्राने नाकारले होते. जिथे जखम झाली त्याच आठवणीपाशी प्रभू त्याला परत नेतो. घडले ते घडलेच नाही असे दाखवत नाही. तीन नकारांसाठी तीन वेळा प्रेमाविषयी विचारतो, तिसऱ्या वेळी पेत्राचे मन दुखते, आणि तरी तो विचारतोच. हे सगळे इतर शिष्यांच्या देखत होते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे, पेत्राचा अपराध ज्याच्याविरुद्ध झाला तोच समोर बसून त्याला पुन्हा उभे करत होता. त्याच्या वतीने दुसऱ्या कोणी परस्पर माफी दिलेली नव्हती. शिवाय प्रभू कळप सोपवतो तेव्हा तो आपला म्हणून सोपवतो. मेंढरे पेत्राची कधीच नव्हती. जबाबदारी हे पेत्राला दिलेले बक्षीस नव्हते, आणि ती न देणे ही शिक्षा ठरली नसती. मेंढपाळ मेंढरांसाठी असतो. म्हणून एखाद्याला पुन्हा सेवेत घेताना ‘याला क्षमा झाली का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘याच्या हाती मेंढरे सुरक्षित आहेत का?’ हेही विचारावे लागते. आणि त्याचे उत्तर मेंढरांकडून ऐकायचे असते.

हा प्रश्न न विचारल्याची फार मोठी किंमत आपल्या चर्चने मोजली आहे. खरे तर ती किंमत मुलांनी मोजली आहे. लहानांवर अत्याचार केलेल्या काही धर्मगुरूंना जगात अनेक ठिकाणी ‘पश्चात्ताप झाला आहे’ असे म्हणून एका धर्मग्रामातून दुसऱ्यात पाठवले गेले. त्याला दया म्हटले गेले. पोप जॉन पॉल दुसरे यांनी एप्रिल २००२ मध्ये अमेरिकेच्या कार्डिनलांना स्पष्ट सांगितले की मुलांना इजा करणाऱ्यांना धर्मगुरुपदात जागा नाही. पोप फ्रान्सिस यांनी सुधारलेले चर्चच्या कायद्याचे शिक्षाविषयक सहावे पुस्तक ८ डिसेंबर २०२१ पासून लागू झाले. त्यात अशा गुन्ह्यासाठी पद काढून घेण्याची, आणि गरज पडल्यास धर्मगुरुपणच काढून घेण्याची तरतूद आहे. त्या माणसासाठीही देवाची क्षमा खुली आहे. पण मुलांची खोली त्याच्यासाठी कायमची बंद आहे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

१९९५ च्या फेब्रुवारीत मध्य प्रदेशात सिस्टर राणी मारिया यांची बसमध्ये हत्या झाली. मारेकरी समंदर सिंह याला २००२ मध्ये त्यांच्या सख्ख्या बहिणीने, सिस्टर सेल्मी पॉल यांनी, तुरुंगात जाऊन राखी बांधली. राखी बांधली त्या दिवशी तुरुंगाचे दार उघडले नाही. ते २००६ मध्ये उघडले. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूरला राणी मारियांना धन्यवादित घोषित करण्यात आले. राखीने क्षमा दिली, आणि सुटका तिच्या वाटेने, तिच्या वेळेने आली. घाई केली नाही म्हणून क्षमा खोटी ठरली नाही.

दुसऱ्या बाजूची चूक

आता मी नाण्याची दुसरी बाजू सांगितली नाही, तर म्हातारीचा प्रश्न आपण दगडासारखा वापरू. आपल्या गावांची स्मरणशक्ती फार क्रूर असते. एकदा नाव खराब झाले की ते माणूस मेल्यावरच पुसले जाते, काही वेळा तेव्हाही नाही. अशा माणसाला ‘क्षमा केली’ म्हणायचे आणि आयुष्यभर मागच्या बाकावर बसवायचे, हीसुद्धा क्षमेची थट्टाच आहे. कोणालाच आपली गरज उरली नाही, ही जाणीव माणसाला आतून मारते.

पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या सिस्टरांनी त्यांना लंडनमधील फुलम येथील एका आश्रमात नेले. समाज ज्यांना ‘पतित’ म्हणून टाकून देतो अशा स्त्रियांसाठी तो आश्रम होता. (त्यांतल्या किती जणी पडल्या होत्या आणि किती जणींना पाडले गेले होते, हाही प्रश्न विचारायला हवा.) रमाबाईंना सर्वांत जास्त हलवले ते याने की त्याच आश्रमातून गेलेल्या काही स्त्रिया आता आजाऱ्यांच्या आणि दुर्बळांच्या सेवेत आयुष्य घालवीत होत्या. हे कशामुळे, असे विचारल्यावर एका सिस्टरने त्यांना शोमरोनी स्त्रीची गोष्ट समजावली. ज्या बाईला गाव टाळत होता, तीच गावाला प्रभूकडे घेऊन आली. त्याच वर्षी रमाबाईंचा बाप्तिस्मा झाला. पुढे पुणे जिल्ह्यात केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी ‘कृपा सदन’ काढले. क्षमा झालेल्या माणसाला काम मिळाले की काय होते, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मग घाई आणि हेटाळणी यांच्या मधली वाट कोणती? ती आपल्या जिल्ह्यातच पाहायला मिळते. आपल्या शहरात हर्सूलचे मध्यवर्ती कारागृह आहे, आणि नाथांच्या पैठणला खुले कारागृह आहे. खुल्या कारागृहात कैदी शेतीत राबतात, आणि तिथली भिस्त भिंतींपेक्षा विश्वासावर असते. पण तिथे कोणाला पहिल्या दिवशी पाठवत नाहीत. बंद कारागृहात वर्तन पाहून निवड होते. आधी थोडा विश्वास, तो टिकला तर अधिक. शासनाला जे कळते ते आपल्या धर्मग्रामाला का कळू नये?

शास्त्रातही हे आहे. तरुण योहान मार्क पौल आणि बर्णबाला वाटेत सोडून घरी परतला होता. पुढच्या प्रवासाला बर्णबाने त्याला घ्यायचे म्हटले तेव्हा पौलाने साफ नकार दिला. दोघांत कडाक्याचे भांडण झाले. बर्णबा मार्कला घेऊन सायप्रसला गेला. मी पूर्वी या भांडणात बर्णबाची बाजू घेत असे. आता वाटते, दोघांचीही गरज होती. पौलाने मोठ्या कामाचा धोका पत्करला नाही, बर्णबाने लहान कामाची संधी नाकारली नाही. वर्षांनंतर तुरुंगातून तीमथ्याला लिहिताना पौल मार्कलाच बोलावून घेतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे. विश्वास परत येतो. मात्र पायी चालत येतो.

मास्तरांचे पुढे काय झाले? मी वही परत घेतली, आणि वस्तीसमोर माझी चूक कबूल केली. ते मला मास्तरांच्या कबुलीहून जड गेले. वही म्हातारीच्या सुनेकडे गेली. मास्तर ऊसतोडीला गेले आणि दोन हंगामांत नऊ हजार फेडले. दारू सोडायला त्याहून जास्त वेळ लागला, मधे एकदा घसरलेही. गावात असत तेव्हा ते दफनभूमीतले गवत काढत, कोणी सांगितले नव्हते तरी. मग एका पावसाळ्यात वस्तीवर एक मयत झाली. रस्ता बंद, मी पोहोचू शकलो नाही. त्या रात्री बायकांनीच निरोप पाठवून मास्तरांना बोलावले आणि रोझरी सांगायला बसवले. बोलावणाऱ्यांत ती म्हातारी पुढे होती. वही मात्र त्यांना कधी परत मिळाली नाही, आणि त्यांनी ती मागितलीही नाही.

चुकलेल्या प्रत्येकाला सेवेत परत जागा असली पाहिजे. ती जुन्याच खुर्चीवर असेल असे नाही. जागा कोणती, हे ज्यांना इजा झाली त्यांच्याशी बोलल्याशिवाय ठरवायचे नाही. आणि ठरल्यावर मागचे रोज उगाळायचेही नाही.

या आठवड्यात दोन माणसे आठवू या. एक, ज्याला आपण ‘माफ केले’ म्हणतो पण कधी साधी हाक मारत नाही. दुसरी, जिच्या दुःखाची माफी आपण तिला न विचारताच देऊन टाकली. पहिल्याला हाक मारा. दुसरीची माफी मागा.

प्रभू येशू आपल्या कळपाला आणि आम्हा मेंढपाळांना सांभाळो.

आपला ख्रिस्तातील बंधू,
प्रमुख धर्मगुरू